फुटबॉलला हात लावायचा नाही हे नक्की कोणी ठरवलं?

पेठेतला_गोली
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. रोज सकाळी साडेसहाला पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो, वीस-बावीस पोरं आहेत, आठ ते तेरा वयाची. गेल्या आठवड्यात एक नवीन पोरगं आलं, नऊ वर्षांचं, अनवाणी. बॉल अंगावर आला की दोन्ही हातांनी गच्च धरायचं आणि छातीशी कवटाळून उभं राहायचं. चार वेळा शिट्टी मारली. पाचव्या वेळी त्यानं तोंड वर करून विचारलं, "सर, हात का नाय लावायचा? कुणी सांगितलंय?"

बाकीची पोरं खिदळली, पण माझ्याकडं उत्तर नव्हतं हो. वीस वर्षं गोलपोस्टमध्ये उभा राहिलो, अकरा जणांत हात वापरायची मुभा असलेला मी एकटा, आणि ती मुभा कुठून आली हे कधी डोक्यातच आलं नाही. "नियम आहे बाळा" एवढंच म्हणालो. त्याचं समाधान झालं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तर कोणी बसून ठरवलं हे? इंग्रजांनी, एवढं ठाऊक आहे. पण कोण, कधी, कशासाठी? नऊ वर्षांच्या पोराला सांगता येईल असं कोणीतरी सांगा.

पावशेर
पोराचा प्रश्न शंभर नंबरी. वाचनखूण साठवली आहे.

इतिहासवेडा
इंग्रजांनी नाही, मूळ चीनचं. त्सूच्यू नावाचा खेळ हान राजवटीत सैनिक खेळायचे, दोन हजार वर्षांपूर्वी. त्यातही बॉलला हात लावायची मनाई होती. फिफानंही याची दखल घेतलेली आहे. जपानात केमारी होता, तो वर्तुळात उभं राहून बॉल जमिनीवर पडू न देता खेळायचे.

मधली_आळी
@इतिहासवेडा, चेंडू लाथाडणं जगात सगळीकडे होतं हो, त्यात वाद नाही. पण गोलीदादांचा प्रश्न वेगळा आहे. आज पोरं खेळतात तो खेळ त्सूच्यूची वंशावळ सांगत नाही. आपल्याकडे हुतूतू, बंगालात हाडुडू, मद्रासकडे चेडुगुडू, सगळीकडे दम धरायचा आणि सगळीकडे नियम निराळे. मग कोणीतरी बसून एक नियमावली केली तेव्हा कुठे या गावचा संघ त्या गावच्या संघाशी खेळायला लागला. फुटबॉलचं ते 'बसणं' लंडनमध्ये झालं, १८६३ साली. इथं लंडनचे सदस्य आहेत, ते नीट सांगतील.

थेम्सकाठचा
हाक ऐकली. आवडीचा विषय आहे म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढं जा.

इंग्लंडात आधी गावजत्रेचा फुटबॉल होता, दोन अख्खी गावं एकमेकांवर तुटून पडायची, नियम असा नाहीच. तो खेळ श्रीमंतांच्या निवासी शाळांमध्ये शिरला आणि प्रत्येक शाळेनं आपल्या जागेप्रमाणं तो वळवून घेतला. रग्बी शाळेकडे मोठं गवताळ मैदान, पडलं तरी लागायचं नाही, त्यामुळे बॉल काखेत मारून पळायचं, आडवा येईल त्याला लोळवायचं. चार्टरहाउस शाळा तेव्हा लंडनच्या मध्यात जुन्या मठाच्या इमारतीत, तिथं दगडी फरशीच्या अरुंद ओवऱ्या. फरशीवर कोण कोणाला लोळवणार? मग बॉल पायाशी ठेवून हळूहळू पुढं न्यायची कला तिथं वाढली. ईटनचा खेळ आणखी तिसराच.

आता ही सगळी पोरं मोठी होऊन केंब्रिजला आली. एकत्र खेळायला उतरली की पाच मिनिटांत भांडण, कारण प्रत्येकाला वाटायचं आपल्या शाळेचा तोच खरा फुटबॉल. १८४८ मध्ये वेगवेगळ्या शाळांची मुलं बसली आणि एक मधला मार्ग काढून नियम लिहिले. पार्कर्स पीस नावाच्या मैदानावर तो खेळ चालायचा, आता तिथं स्मारक म्हणून दगड उभे केलेत आणि त्यांवर ते नियम वेगवेगळ्या भाषांत कोरलेत.

पण विद्यापीठाबाहेर गोंधळ तसाच. मग २६ ऑक्टोबर १८६३ ला ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये लंडन परिसरातल्या डझनभर क्लबांचे आणि शाळांचे लोक जमले. पुढाकार एबेनेझर कॉब मॉर्ली याचा. मूळचा हल शहरातला, पेशानं वकील, बार्न्स क्लबचा कॅप्टन. या माणसानं कुठल्याच मोठ्या शाळेचा शिक्का लावून घेतलेला नव्हता, आणि मला वाटतं म्हणूनच त्याला 'आमच्या शाळेचाच नियम' असा हट्ट नव्हता. त्या संध्याकाळी फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. डिसेंबरपर्यंत एकूण सहा बैठका झाल्या आणि ८ डिसेंबरला १३ नियम मंजूर झाले. तेरा! एका कागदावर मावतील एवढेच.

चहा_बिस्कीट
अरे वा, मी गेलोय त्या पबमध्ये! लाँग एकरवर आहे, फ्रीमेसन्स आर्म्स. भिंतीवर जुने फुटबॉलचे फोटो वगैरे लावलेत. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता, 'फुटबॉल इथे जन्मला' म्हणून.

थेम्सकाठचा
@चहा_बिस्कीट, पब छान आहे पण ती जागा नव्हे. नावात साम्य असल्यामुळे बरेच लोक तिथं जातात. खरी फ्रीमेसन्स टॅव्हर्न ग्रेट क्वीन स्ट्रीटवर होती, ती पाडली, त्या जागी आता कॉनॉट रूम्स आहेत. चालत पाच मिनिटांवर.

चहा_बिस्कीट
आता ग्रुपवर दुरुस्ती टाकणं आलं. मामांना तेवढंच पाहिजे असतं.

पेठेतला_गोली
थेम्सकाठचा साहेब, मनापासून धन्यवाद. चार्टरहाउसच्या फरशीचं वाचून अंगावर काटा आला. आमची पेठेतली पोरंही बोळात फरशीवर खेळतात आणि म्हणूनच त्यांचा बॉल पायाला चिकटून असतो, हे मी कायम सांगतो. तर मग त्या १३ नियमांतच 'हात लावू नये' असं लिहिलं, बरोबर ना?

थेम्सकाठचा
इथंच गंमत आहे दादा. नाही!

१८६३ च्या नियमांत हवेतला बॉल हातानं झेलायला परवानगी होती, कोणालाही. झेल घेतला आणि लगेच टाचेनं जमिनीवर खूण केली की फ्री किक मिळायची. मनाई होती ती बॉल घेऊन पळायला, हातानं फेकायला किंवा साथीदाराला द्यायला, आणि जमिनीवरचा बॉल हातानं उचलायला. म्हणजे तुमच्या त्या नवीन पोरानं हवेतला बॉल पकडला, तो १८६३ साली अगदी कायदेशीर होता, फक्त त्यानं टाच मारायला हवी होती.

पेठेतला_गोली
काय सांगता! उद्या सकाळी पहिलं त्याला हेच सांगणार.

पावशेर
पोरगं दीडशे वर्षं उशिरा आलं मैदानावर.

निवृत्त_मास्तर
थेम्सकाठचा यांनी एक महत्त्वाचा भाग गाळला, तो मी भरतो. लोकांना वाटतं की फुटबॉल आणि रग्बी हातावरून वेगळे झाले. अर्धंच खरं. खरी ठिणगी पडली ती नडगीवरून.

तेव्हा 'हॅकिंग' नावाचा प्रकार होता, म्हणजे समोरच्याच्या नडगीवर सरळ लाथ घालायची. अपघातानं नव्हे, रीतसर. पहिल्या मसुद्यात बॉल झेलून पळायलाही मुभा होती आणि तसं पळणाऱ्याच्या नडग्या फोडायलाही. १ डिसेंबरच्या बैठकीत दोन्ही कलमं काढायचा ठराव १३ विरुद्ध ४ मतांनी झाला. ब्लॅकहीथ क्लबचा फ्रान्सिस मॉल कँपबेल, जो असोसिएशनचा खजिनदार होता, तो संतापला. त्याचं म्हणणं असं की हे काढलंत तर खेळातली मर्दानगी गेली, मी फ्रान्सहून माणसं आणेन आणि ती आठवडाभर सराव करून तुम्हाला हरवतील. मॉर्लीचं म्हणणं सरळ होतं, अशी लाथाळी ठेवली तर शाळा सोडून कामधंद्याला लागलेला माणूस खेळायला येणारच नाही. सोमवारी कचेरीत जायचं असतं त्याला.

ब्लॅकहीथ बाहेर पडला. पुढं १८७१ मध्ये रग्बी युनियन स्थापन झाली त्यात ब्लॅकहीथ होता, आणि त्या रग्बी युनियननं आपल्या पहिल्याच नियमांत हॅकिंगवर बंदी घातली!

मला या सगळ्यात मॉर्लीचं सोमवारच्या कचेरीचं कारण फार भावतं. मी छत्तीस वर्षं खेळाचा तास घेतला. दुसऱ्या दिवशी पोरगं लंगडत वर्गात आलं तर त्या खेळाला काही अर्थ नाही.

आडवा_बॅट
मास्तर, क्रिकेटमध्ये बॉल नडगीवर लागला की आउट देतात. आमचे नियम तुमच्या आधीचे, १७४४ चे.

निवृत्त_मास्तर
अहो पायचीत आहे ते, लाथाळी नव्हे. आणि १७४४ च्या नियमांत पायचीत नव्हतंच, नंतर आलं. बसा खाली.

स्टीलसिटीकर
धागा उशिरा पाहिला. मी चार वर्षं शेफील्डला शिकायला होतो, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. सगळे लंडन लंडन करतायत. शेफील्ड एफसी स्थापन झाला २४ ऑक्टोबर १८५७ ला, फुटबॉल असोसिएशनच्या सहा वर्षं आधी, आणि आजही खेळतो, जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब म्हणून मान आहे. नथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी काढला. १८५८ चे त्यांचे स्वतःचे नियम आहेत, हातानं बॉल ढकलायला चालायचं पण धरून ठेवायला नाही, आणि नडगीवर लाथ मारायला तर तेव्हापासूनच बंदी. ज्याच्यावरून लंडनवाले नंतर भांडले ते शेफील्डनं आधीच मिटवलेलं होतं! कॉर्नर किक ही शेफील्डचीच देणगी, १८७२ मध्ये लंडननं घेतली. १८७७ पर्यंत दोन्हीकडचे नियम वेगळे चालले, मग एक झाले. क्लबचे जुने कागद, त्यात हस्तलिखित नियमही होते, २०११ मध्ये लिलावात साधारण ८ लाख ८१ हजार पौंडांना गेले. क्लबनं मैदान आणि सोयी सुधारायला पैसे हवेत म्हणून विकले. मला वाईट वाटलं होतं तेव्हा, आजही वाटतं.

थेम्सकाठचा
@स्टीलसिटीकर, शंभर टक्के मान्य. तुमचा मुद्दा राहिलाच होता. उलट लंडनच्या पहिल्या नियमांवर मैदानात फारसं कोणी खेळतही नव्हतं. पहिला सामना १९ डिसेंबर १८६३ ला बार्न्स विरुद्ध रिचमंड, गोल शून्य-शून्य, आणि रिचमंड पुढं रग्बीकडे गेला. १८६६ मध्ये लंडन विरुद्ध शेफील्ड सामना बॅटर्सी पार्कात झाला, तीन ते साडेचार, म्हणजे दीड तास. असे सामने होत गेले म्हणून असोसिएशन तगली.

डेट्रॉईटची_मावशी
माझी नात सॉकर खेळते आणि पुण्याचे नातेवाईक मला दर वेळी ऐकवतात की 'सॉकर' काय म्हणता, अमेरिकन लोकांनी नाव बिघडवलं. खरंच का हो?

इतिहासवेडा
मावशी, त्यांना खुशाल सांगा की शब्द इंग्लंडचाच आहे. दोन फुटबॉल झाले ना, एक रग्बी फुटबॉल आणि एक असोसिएशन फुटबॉल. ऑक्सफर्डच्या पोरांना प्रत्येक शब्द तोडून शेवटी 'अर' लावायची खोड होती, रग्बीचं रगर, ब्रेकफास्टचं ब्रेकर. तसं असोसिएशनमधलं 'सॉक' घेऊन सॉकर. मागच्या शतकात ब्रिटिश लोकही हा शब्द सर्रास वापरायचे.

डेट्रॉईटची_मावशी
जीव थंड झाला. आजच फोन करते.

रानजाई
सगळी चर्चा वाचली, छान चाललीय. पण 'सगळ्यांना खेळता यावं म्हणून नियम केले' असं जे वर येतंय त्यात 'सगळ्यांना' म्हणजे कोणाला हे पण बघा. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज या कारखान्यातल्या बायकांच्या संघाचा सामना बघायला ५३ हजार लोक होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, याच फुटबॉल असोसिएशननं ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही आणि संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. ती बंदी जवळजवळ ५० वर्षं टिकली. मी कॉलेजात असताना आमच्या संघाला मुलांचा सराव संपल्यावर, अंधार पडताना मैदान मिळायचं, बॉल दिसायचा नाही, आवाजावरून पळायचो. त्यामुळे हा ठराव वाचला तेव्हा मला तो फार जुना वाटला नाही.

पेठेतला_गोली
ताई, मनापासून लिहिलंत. माझ्याकडं पाच मुली आहेत, मुलांबरोबरच सकाळी साडेसहाला. वेगळी वेळ नाही, वेगळं मैदान नाही.

रानजाई
नाद खुळा! त्यांना माझ्याकडून शाबासकी सांगा.

शिवोलीकार
गोव्यातून नमस्कार. आमच्याकडे फुटबॉल आला तो शिवोलीत असं सांगतात, १८८३ साली फादर विल्यम लायन्स यांनी तो आणला. म्हणजे ते ऑफसाईड, हँडबॉल सगळं ताजं ताजं ठरत होतं तेव्हाच आमच्या शेतात पोचलं, भात कापल्यावरच्या मोकळ्या शेतात. मुंबईचा रोव्हर्स कप पण १८९१ चा ना?

स्टीलसिटीकर
हो, आणि १८९१ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. पेनल्टी किक त्याच वर्षीची. गोलची जाळी पण तेव्हाचीच, लिव्हरपूलच्या ब्रॉडी नावाच्या इंजिनियरची कल्पना. आणि रेफरी मैदानाच्या आत आला तोही त्याच वर्षी, आधी दोन्ही संघांचे आपापले पंच असायचे आणि ते दोघं भांडले तरच बाहेर उभ्या असलेल्या रेफरीला विचारायचे. सिमल्याचा ड्युरँड कप १८८८ चा, त्याच वर्षी इंग्लंडात लीग सुरू झाली. गोऱ्या पलटणी इकडे खेळत होत्या तो खेळ तिकडेही अजून घडत होता.

गोलीदादा, तुमच्यासाठी खास. पेनल्टी सुचवली ती आयर्लंडमधल्या मिलफर्डच्या विल्यम मॅक्रम यानं, आणि तो स्वतः गोलकीपर होता.

पेठेतला_गोली
गोलकीपरनं पेनल्टी आणली? आपल्याच भावकीनं? दहा मिनिटं गप्प बसलोय मी हे वाचून.

मधली_आळी
आणि गोलकीपर हा शब्दच नियमांत आला १८७१ मध्ये. १८६६ ला झेल घेणं गेलं, १८७० ला सगळ्यांना हात पूर्ण बंद, आणि पुढच्याच वर्षी एकाला मुभा परत. त्या एकालाही १९१२ पर्यंत स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठेही हात वापरता यायचा, मग फक्त पेनल्टी एरिया. गोलीदादा, मूळ प्रश्नाचं उत्तर हेच. हात एका दिवसात गेला नाही, सात वर्षांत थोडा थोडा काढून घेतला.

पावशेर
एक शंका. पोरगं अनवाणी आहे म्हणालात, ते चालायचं का १८६३ ला?

थेम्सकाठचा
तेरावा नियम बुटांबद्दलच होता. बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्ट्या, गटापर्चा (झाडाच्या चिकापासून केलेलं रबरासारखं कडक द्रव्य) असलं काही तळव्याला नको. बूट पाहिजेतच असं म्हटलेलं नव्हतं. २९ जुलै १९११ ला मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून कलकत्त्याची आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली तेव्हा अकरापैकी दहा जण अनवाणी होते. आज मात्र नियमात बूट सक्तीचे आहेत.

जाता जाता, मॉर्लीची कबर माझ्या घरापासून बसनं वीस मिनिटांवर आहे, बार्न्सच्या जुन्या दफनभूमीत. ती कधीच बंद झाली, आता जंगलच आहे. दोन वर्षांपूर्वी पोरीला घेऊन गेलो होतो. मुंडकी तुटलेले दगडी देवदूत, गुडघ्याएवढी आयव्ही, शोधायला पाऊण तास गेला. पोरीनं हातानं वेल बाजूला करून नाव वाचलं. ९३ वर्षं जगला माणूस, १९२४ ला गेला. तिथून निघालो तर शेजारच्या मोकळ्या मैदानावर पोरं खेळत होती.

पेठेतला_गोली
मंडळी, धागा वर काढतोय. तुमचं सगळं वाचून मी काल रविवारी सकाळी पोरांना १८६३ च्या नियमांनी खेळायला लावलं, जे झालं ते सांगतो.

आठ यार्ड मोजून दोन बांबू पुरले, वर आडवा बांबू नाही. बॉलच्या पुढं असलेला आपला गडी बाद, हा ऑफसाईड सांगितल्यावर सगळी पोरं बॉलच्या मागं दिंडीसारखी गोळा झाली, पास द्यायला पुढं कोणी नाहीच. बॉल बाहेर गेला की जो पहिला हात लावेल त्याची थ्रो, त्यामुळे कुंपणापाशी दर वेळी शर्यत, दोघांची कोपरं सोलली. गोल झाला की बाजू बदलायची, तर दोन गोलांनंतर निम्मी पोरं चुकीच्या बाजूला पळत होती. तिसरा गोल एका मुलीनं इतका उंच मारला की बॉल शेजारच्या लिंबाच्या शेंड्यावरून गेला. सगळे "नाय नाय" म्हणून ओरडले, पण बांबूंच्या मधून गेला होता आणि उंचीची अट नाही. गोल दिला. तिनं मैदानाला दोन फेऱ्या मारल्या.

आणि ते नवीन पोरगं. हवेतला एकेक बॉल झेलायचं आणि टाच अशी काही आपटायचं की मातीत खळगा पडायचा. अकरा फ्री किक मिळवल्या त्यानं. मॅच संपल्यावर मी मोजल्या, अकरा खळगे होते.

पोरांनी आता मागणी केली आहे की दर रविवारी एक साल पुढं जायचं. पुढच्या रविवारी १८६६. गोलवर आठ फुटांवर दोरी बांधायची आहे. ऑफसाईड त्या वर्षी बदलला असं ऐकलं, कसा ते कोणी सोपं करून लिहील का? पोरांना शनिवारी संध्याकाळी समजावून ठेवायला लागेल.

थेम्सकाठचा
पास खेळला जातो त्या क्षणी तुमचा गडी आणि समोरचा गोल यांच्यामध्ये विरुद्ध बाजूचे किमान तीन गडी असले तर तो खेळात. तिघांचं दोघं १९२५ ला झालं. आणि दोरी नको दादा, तेव्हा फीत बांधायचे. पांढरी नाडी आणा, लांबून दिसेल.

स्टीलसिटीकर
आणि त्या पोराला आधीच सांगून ठेवा, १८६६ पासून झेल बंद.

पेठेतला_गोली
सांगितलं. त्यानं विचारलं, गोलकीपर कोणत्या साली आला. १८७१ म्हटल्यावर बोटं मोजत बसलाय.